कॅमेरा एक्केचाळीस

रात्री दहा ते सकाळी सहा
मी चौसष्ट चौकोन बघते.
हिंगणा रोड, तिसरा मजला, खोलीला खिडकी नाही.
एकेका चौकोनात एकेक एटीएम,
काहींत खुर्ची,
खुर्चीत कधी माणूस.
आवाज नाही. सगळं नागपूर राखाडी,
कोराडीच्या राखेत बुडवून काढल्यासारखं.

एक्केचाळीस म्हणजे गोकुळपेठ.
तिथला गार्ड मार्चपासून नवा.
तक्त्यावर नाव: बुधराम नेताम.
गाव अंतागढ, जिल्हा कांकेर.
आपत्कालीन संपर्काच्या रकान्यात
आडवी रेघ.

पहिली रात्र तो उभाच.
खुर्ची आपलीच, हे कुणी सांगितलं नसावं.
दोन वीसला पाठ भिंतीला टेकली,
आणि इकडे मी पाय लांब केले.

लोक दार ढकलतात, पैसे मोजतात,
सूचनेच्या पाटीवरून फिरवावी
तशी त्याच्यावरून नजर फिरवतात.
तो सगळ्यांना सलाम करतो.
टाकलेल्या पावत्या उचलतो,
मागच्या कोऱ्या बाजूला काही लिहितो.
झूम केलं की अक्षरांचे दाणे होतात नुसते.
हिशोब असेल.
पत्रं कोण लिहितं आता.

मे महिन्यात रात्री अडीचलाही रस्ता भाजत होता.
त्यानं दार उघडून एका कुत्रीला आत घेतलं.
नियमानं मी कळवायला हवं होतं.
वहीत लिहिलं: सर्व सुरळीत.

मध्ये निलोफर म्हणाली, चल, फुकट आहे,
एसी आहे, फ्रेंच पिक्चर आहे.
पॅरिसमध्ये कुठून तरी आलेला एक माणूस
धुलाईच्या दुकानात बसलाय.
मशीन फिरतंय, तो बघतोय.
वीस मिनिटं.
मागची रांग उठून गेली. निलोफर घोरायला लागली.
मी बसले. माझं तर कामच ते.
दिवे लागल्यावर एक दाढीवाले सर
शहरातल्या एकांतावर बोलले,
"कॅमेऱ्याची करुण नजर" असं काहीतरी म्हणाले.
आमच्या कॅमेऱ्यावर धूळ असते, सर.
पुसणारा महिन्यातून एकदा येतो,
नाही तर येतही नाही.

मीही इथली नाही. अहेरीची.
पाच वर्षं झाली मनीषनगरच्या खोलीत,
दिवसा झोपायचं म्हणून काचांना पेपर चिकटवलेत.
घरमालकीण मला चपलांवरून ओळखते:
दाराशी आहेत म्हणजे आहे.

जूनमध्ये एका पहाटे, चारच्या सुमारास,
तो खुर्चीवर चढला.
चेहरा इतका जवळ आणला
की एक्केचाळीस नंबर भरून गेला.
ओठ हलले. बराच वेळ.
मग रुमाल काढला, काच पुसली,
उतरला, आणि मला,
म्हणजे कॅमेऱ्याला, सलाम केला.

नऊ वेळा मागे घेऊन पाहिलं.
गोंडी होती की छत्तीसगढी, की नुसतं
"किती घाण झालंय हे काहून"...
ओठांवरून भाषा कळत नाही,
बोलतोय एवढंच कळतं.

पुढच्या सोमवारी खुर्चीत दुसराच,
जाडसा, मोबाईलमध्ये मान घातलेला.
तक्त्यात नेतामच्या नावावर रेघ.
सुपरवायझर म्हणाला, कोण नेताम?
फुटेज नव्वद दिवसांनी आपोआप पुसलं जातं.
पेन ड्राइव्ह आत न्यायची परवानगी नाही.

त्या दिवशी सुटल्यावर ऑटो केला,
पहिल्यांदाच गेले गोकुळपेठला.
वाटलं होतं त्याहून लहान खोली.
भिंत निळी होती.
मला कधी कळलंच नव्हतं निळी आहे.

शंभर रुपये काढले.
डब्यातल्या पावत्या उलटून पाहिल्या,
सगळ्या कोऱ्या.
दाराबाहेर कुत्री येऊन उभी राहिली, आत बघत.
मी एका पायानं दार धरून ठेवलं.
पाठीमागे मशीन विचारत होतं,
आपणास आणखी व्यवहार करायचा आहे का,
आपणास आणखी वेळ हवा आहे का.